३५ दिवसांचं चक्र आणि २१ व्या दिवशीची तपासणी

पाळी ३५ दिवसांनी येते आणि २१ व्या दिवशी प्रोजेस्टेरॉन (बीज सुटल्यावर वाढणारं संप्रेरक) कमी निघालं, म्हणजे स्त्रीबीज सुटतच नाही का, असं विचारलंय तुम्ही. एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही हो. लांबतो तो बहुतेक वेळा चक्राचा पहिला, म्हणजे बीज सुटण्याआधीचा टप्पा. बीजकोश (ज्यात बीज असतं ती पिशवी) वाढतो, इस्ट्रोजेन हे संप्रेरक चढतं, ते पुरेसं चढलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच हे बीज सुटायला लावणारं संप्रेरक उसळतं आणि साधारण दीड दिवसात बीज सुटतं. मागे उरलेला कोश मग प्रोजेस्टेरॉन बनवतो. गर्भ राहिला नाही तर हा कोश सुमारे १४ दिवसांत विरतो आणि पाळी येते. म्हणजे तुमचं बीज २१ व्या दिवसाच्या आसपास सुटत असणार, तेव्हा प्रोजेस्टेरॉन कमीच दिसणार! तपासणी २८ व्या दिवसाच्या सुमारास हवी. डॉक्टरांना चक्राची लांबी आवर्जून सांगा.