नापा-सोनोमाचा मधुचंद्र आणि आराखड्यात नसलेली पाणचक्की : घरच्या ग्रुपवरील चर्चा

मामेबहीण : दादा आणि वहिनी, आम्ही दोघे लग्नानंतर सप्टेंबरअखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून गाडीने कॅलिफोर्नियातील नापा आणि सोनोमा या वाईनसाठी प्रसिद्ध असलेल्या भागांत चार दिवस फिरणार आहोत. आराखड्यात रोज तीन वायनरी, म्हणजे वाईन बनवून चाखायला देणाऱ्या जागा, घातल्या आहेत आणि सगळ्यांच्या वेळा आधीच घेऊन ठेवाव्यात असा विचार आहे. तुम्ही नुकतेच तिथून फिरून आला आहात, म्हणून वेळा नक्की करण्यापूर्वी तुमचे मत हवे आहे.

वहिनी : रोज तीन हा आकडा आधी खोडून टाक, असे मी अगदी मनापासून सांगेन, कारण आम्हीही नेमके तेच केले होते. नापाचे खोरे लांबीला सुमारे ५० किलोमीटर आणि रुंदीला अवघे काही किलोमीटर असल्यामुळे नकाशावर सगळे जवळजवळ दिसते. पण एकेका टेस्टिंगला, म्हणजे वाईन चाखायला, तास-दीड तास सहज जातो आणि खोऱ्यातून जाणाऱ्या हायवे २९ वर द्राक्षतोडणीच्या हंगामात गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. पहिल्याच दिवशी दुसऱ्या ठिकाणी पोहोचायला आम्हाला वीस मिनिटे उशीर झाला, तेव्हा आमची जागा इतरांना देऊन झाली होती आणि भरलेले पैसेही परत मिळाले नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणीच यायचे बाकी होते. तिथून निघून सेंट हेलेना गावाच्या उत्तरेला आलो, तेव्हा डाव्या हाताला बेल ग्रिस्ट मिल अशी पाटी दिसली आणि हातात मोकळा वेळ होता एवढ्याच कारणाने आम्ही गाडी आत वळवली.

ती १८४६ सालची पाणचक्की आहे. झाडांच्या सावलीतून थोडे चालून गेल्यावर एकदम समोर ३६ फूट व्यासाचे लाकडी चाक उभे राहते. आत दळण चालू होते. वरचा दगड फिरत होता, खालचा स्थिर होता, पायाखालच्या फळ्या थरथरत होत्या आणि माहिती सांगणाऱ्या बाईंच्या बाह्यांवर कोपरापर्यंत पीठ उडालेले होते. त्यांनी दगडांमधून नुकतेच पडलेले चिमूटभर पीठ माझ्या तळहातावर ठेवले. ते कोमट होते. चार दिवसांतली कोणती वाईन कशी लागली हे आता मला सांगता येणार नाही, पण त्या पिठाची ऊब अजून आठवते.

मोठी काकू : सूनबाई, तुमच्या फोटोंमध्ये मळ्यांपेक्षा त्या चाकाचेच फोटो जास्त का आहेत, हे आत्ता कळले. मला आणखी एक विचारायचे होते. द्राक्षांच्या ओळींच्या टोकाला गुलाबाची झाडे दिसतात, ती केवळ शोभेसाठी लावतात का? आणि मळ्याच्या मधोमध ते उंच पंखे कशाला उभे केले आहेत?

नाना काका : मोठ्या वहिनी, आपण नेमके विचारलेत. गुलाबावर भुरी हा बुरशीचा रोग लवकर दिसतो, त्यामुळे वेलीवर रोग पसरण्यापूर्वी बागायतदाराला सूचना मिळावी म्हणून ओळीच्या टोकाला गुलाब लावण्याची जुनी चाल आहे. आज रोगाचा अंदाज घेण्याची इतर साधने आली असल्यामुळे त्यात परंपरेचा आणि शोभेचा भाग अधिक उरला आहे. पंख्यांचे काम मात्र आजही खरे आहे. वसंतात वेलीला कोवळी फूट आलेली असताना रात्री दव गोठण्याइतकी थंडी पडली तर ती फूट जळते. शांत, निरभ्र रात्री गार हवा जमिनीलगत साचते आणि तिच्यावर थोडी उबदार हवा असते. पंखा ती वरची हवा खाली ओढून वेलींमध्ये मिसळतो आणि त्या एक-दोन अंशांवर त्या वर्षीचे पीक वाचते.

तिथले हवामानही ध्यानात घ्यावे. खोऱ्याच्या दक्षिणेला सॅन पाब्लोचा उपसागर असून तिकडून पहाटे धुके आत शिरते. म्हणून दक्षिणेकडच्या कार्नेरोस भागात पिनो न्वार आणि शार्डने या थंडावा मानवणाऱ्या द्राक्षांच्या जाती आहेत, तर उत्तरेला कॅलिस्टोगा गावाकडे दिवसाचे ऊन कडक असल्यामुळे कॅबर्ने सोव्हिन्यों ही जात चांगली पिकते. दोन्ही टोकांची वाईन एकाच दिवशी चाखण्यापेक्षा सकाळी एका टोकाच्या बांधावर उभे राहून धुके विरताना पाहावे, असे मी सुचवेन.

आतेभाऊ : काका, तुमचे म्हणणे पटते, पण सगळेच वाटेवर सोडून दिले तर जे खरोखर महत्त्वाचे ते हुकणार नाही का? १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी बाटल्यांची नावे झाकून चाखणी केली, तेव्हा पांढऱ्या वाईनमध्ये नापातील शातो मॉन्टेलिना या वायनरीची १९७३ सालची शार्डने आणि लाल वाईनमध्ये स्टॅग्ज लीप वाईन सेलर्सची १९७३ सालची कॅबर्ने पहिली आली. नापाला जगाच्या नकाशावर आणणाऱ्या या दोन जागा न पाहता परत येणे मला योग्य वाटत नाही.

दादा : महत्त्वाचे ते हुकू नये, हे बरोबरच आहे. म्हणून मी दिवसाला एक वेळ घ्यावी असे म्हणेन, तीही सकाळची. एका दिवशी मॉन्टेलिना, एका दिवशी स्टॅग्ज लीप, आणि दुपार मोकळी. त्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते मी सगळ्यांत गंभीरपणे सांगतो. कॅलिफोर्नियात रक्तातील मद्याचे प्रमाण ०.०८ टक्के किंवा त्याहून अधिक असताना गाडी चालवणे हा गुन्हा आहे आणि तेवढे नसले तरी चालवण्यावर परिणाम झालेला दिसल्यास पोलीस पकडू शकतात. उघडलेली बाटली गाडीत हाताशी ठेवता येत नाही. ती मागच्या डिकीतच ठेवावी लागते. आम्ही एक दिवस तिने, एक दिवस मी, असे चालवायचे ठरवले होते आणि ज्याच्या हाती चाक असेल त्याने त्या दिवशी एक थेंबही घ्यायचा नाही. चाखून थुंकण्यासाठी तिथे भांडे ठेवलेले असते आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही, तरीही आम्ही हा नियम मोडला नाही.

पाणचक्कीमुळे आमचा पुढचा दिवसही बदलला. ती उभारणारा एडवर्ड बेल हा इंग्लंडहून आलेला डॉक्टर होता आणि त्याचे लग्न कॅलिफोर्निया मेक्सिकोकडे असतानाचे जनरल व्हॅलेहो यांच्या भाचीशी झाले होते, असे आम्हाला तिथे कळले. हे व्हॅलेहो कोण, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी ओकव्हिल ग्रेड या घाटरस्त्याच्या वळणांनी डोंगर ओलांडून सोनोमाला गेलो. गावाच्या मधोमध मोठा चौक आहे. त्याच्या कोपऱ्यावर १८२३ साली स्थापन झालेले मिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराचे केंद्र, आहे, कॅलिफोर्नियातील २१ मिशनांपैकी सर्वांत शेवटचे. ज्या १८४६ साली ती चक्की उभी राहिली, त्याच वर्षी १४ जूनला अमेरिकन वसाहतवाल्यांनी व्हॅलेहो यांना इथेच कैद केले आणि चौकात अस्वलाचे चित्र असलेला झेंडा फडकवून स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केले. ते प्रजासत्ताक महिनाभरही टिकले नाही, पण अस्वल आजही राज्याच्या झेंड्यावर आहे. आदल्या दिवशी चक्कीकडे वळलो नसतो, तर सोनोमाच्या चौकात आम्ही फक्त जेवून निघालो असतो.

मोठी काकू : आणि त्या दगडी पुस्तकाजवळ तुम्ही दोघे उभे आहात, ती जागा कोणती?

वहिनी : काकू, ती जागाही ठरवून पाहिलेली नाही. कॅलिस्टोगाच्या पुढे हायवे २९ माउंट सेंट हेलेनावर चढतो. त्या वळणांनी मला मळमळू लागले, म्हणून यांनी खिंडीत गाडी थांबवली. तिथेच रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या लेखकाच्या नावाचे उद्यान निघाले. १८८० साली मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे फॅनी यांच्याशी लग्न झाले. छातीचे दुखणे होते, हातात पैसे नव्हते, म्हणून त्या उन्हाळ्यात या जोडप्याने डोंगरावर चांदीच्या ओस पडलेल्या खाणीतील मोडक्या खोपटात संसार मांडला. लेखकाचे पुढे जगभर नाव झाले. पण इथे त्यांचा मधुचंद्र झाला होता, हे मला तिथली पाटी वाचेपर्यंत ठाऊक नव्हते. मला बरे वाटल्यावर आम्ही झाडीतून साधारण मैलभर चढून गेलो. खोपट आता नाही, त्या जागी उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराचे दगडी स्मारक आहे. आम्ही दोघे तिथे बराच वेळ न बोलता बसलो. लग्नाच्या धावपळीनंतर एवढी शांतता आम्हाला प्रथमच मिळाली होती.

मामेबहीण : वहिनी, हे वाचून मी आत्ताच आराखडा बदलला. सकाळी एकच वायनरी, तिसरा दिवस पूर्ण मोकळा, आणि गाडी चालवण्याचे दिवस आम्ही आजच वाटून घेतो. परतीचा रस्ता कोणता धरावा?

दादा : हायवे २९ टाळून सिल्वराडो ट्रेल धर. तो खोऱ्याच्या पूर्वेच्या कडेने जातो, गर्दी कमी असते आणि दोन्ही रस्त्यांना जोडणारे आडवे रस्ते जागोजागी आहेत, त्यामुळे मनात येईल तिथे वळता येते. चक्कीवर दळण शनिवारी आणि रविवारी पाहायला मिळते, तेव्हा सेंट हेलेनाकडचा दिवस त्याप्रमाणे ठेव. डोंगरावर जाताना पाणी बरोबर घे.

नाना काका : आणि माझ्यासाठी एक काम कर. फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीमुळे तिथे वेली प्रतिकारक्षम खुंटावर कलम करून लावतात. १९८० च्या दशकात त्यांचा एक लोकप्रिय खुंट या किडीपुढे टिकला नाही आणि हजारो एकर बागा उपटून नव्याने लावाव्या लागल्या. एखादा जुना वेल दिसला तर परवानगी घेऊन वाक आणि बुंध्याजवळची कलमाची गाठ दिसेल असा जवळून एक फोटो काढ.