'सर्केडियन रिदम'ला दैनिक लय म्हणावं का?

शब्दवेल्हाळ:
डोळ्यातल्या दृष्टिपटलावरच्या (रेटिना, डोळ्याच्या आत मागे असलेला उजेड टिपणारा पडदा) संशोधनाचा एक लेख मराठीत आणते आहे. 'सर्केडियन रिदम', म्हणजे शरीरात साधारण दिवसाच्या अंतराने होत राहणारा चढ-उतार, त्याला मी 'दैनिक लय' लिहिलं. संपादकांनी ते खोडून सगळीकडे 'जैविक घड्याळ' केलं आणि त्यात एक परिच्छेद पार अडला. १९९६ साली तोसिनी आणि मेनाकर यांनी हॅमस्टरचं दृष्टिपटल शरीराबाहेर काढून पोषक द्रवात जगवलं. मेंदूशी संबंध तुटला, तरी त्यात मेलाटोनिन हे रात्री वाढणारं संप्रेरक ठरल्या वेळी वाढत आणि उतरत राहिलं. म्हणजे दृष्टिपटलात स्वतःचं घड्याळ आहे आणि ही लय त्या घड्याळाची. दोन्हींना एकच शब्द वापरून हे कसं सांगू? शिवाय 'एन्ट्रेनमेंट'ला, म्हणजे उजेडाने हे घड्याळ बाहेरच्या दिवसाशी जुळवलं जाण्याला, काय म्हणायचं?

रात्रपाळी:
घड्याळ आणि लय वेगळेच ठेवा, त्यात तडजोड नको. पण 'दैनिक'ही मला पटत नाही. जीवशास्त्रज्ञ हाल्बर्गने १९५९ मध्ये हा शब्द घडवला तो लॅटिनमधल्या 'सर्का' आणि 'दिएस' यांवरून, म्हणजे 'सुमारे दिवस'. सगळं मर्म त्या 'सुमारे'त आहे. माणसाचं आतलं घड्याळ सरासरी २४ तासांहून दहाएक मिनिटं जास्त घेतं. उजेडाने ते रोज जागेवर आणलं नाही, तर सरकत जातं. तुमच्याच प्रयोगात उत्परिवर्तित, म्हणजे जनुकात बदल झालेले, हॅमस्टरही होते ना? त्यांच्या दृष्टिपटलाचं चक्र सुमारे २० तासांचं भरलं. त्याला दैनिक कसं म्हणणार? मी अकरा वर्षं रात्रपाळी केली आहे. हे सरकणं म्हणजे काय ते अंगाला माहीत आहे.

पोथीवाला:
'अहोरात्र लय' म्हणा. दिवस आणि रात्र दोन्ही त्यात आले. घरचा शब्द असताना लॅटिनच्या दारात कशाला जायचं? याच शब्दातला पहिला 'अ' आणि शेवटचा 'त्र' गळून 'होरा' हा ज्योतिषातला कालमानाचा शब्द झाला, असं वराहमिहिराच्या बृहज्जातक या ज्योतिषग्रंथात दिलं आहे. कालगणनेशी याचं नातं इतकं जुनं आहे.

टीपकागद:
'होरा' ग्रीकमधून आला, इंग्रजीतला 'अवर'ही त्याच ग्रीक शब्दाचा. वराहमिहिरानेही 'काही जण असं मानतात' एवढंच म्हटलं आहे. आणि मराठीत 'अहोरात्र' म्हणजे अखंड. 'अहोरात्र झटला' म्हणजे मध्ये थांबला नाही. इथे तर चढ-उतार सांगायचा आहे, अगदी उलट.

पोथीवाला:
वापरात अर्थ घसरला म्हणून मूळ अर्थ टाकून द्यायचा?

टीपकागद:
घसरला नाही, आज तोच अर्थ आहे. वाचक आजचा आहे.

कानामात्रा:
'दिनप्राय लय' कसं वाटतं? 'प्राय'मध्ये 'सुमारे' येतं.

रात्रपाळी:
मृतप्राय, नष्टप्राय. 'प्राय' लागला की काहीतरी संपत आल्यासारखं वाटतं. 'लय' शब्दातही आधीच विलय लपलेला आहे. दोन्ही एकत्र नकोत.

उंबरठा:
मला 'दृष्टिपटल' या शब्दाबद्दलच बोलायचं आहे. आजी 'डोळ्यावर पडळ आलं' म्हणायची, म्हणजे मोतीबिंदू. पडळ हे पटलाचंच रूप. वडिलांचं दृष्टिपटल निकामी झालंय असं सांगितलं, तेव्हा मी कित्येक दिवस समजत होते की वरचं पडळ काढलं की दिसेल. एका शब्दाने केवढी खोटी आशा लावली. वडिलांना आता काहीच दिसत नाही, तरी त्यांची झोप आणि जाग आमच्यासारखीच वेळेवर असते.

रात्रपाळी:
उंबरठा, वाचून वाईट वाटलं. वडिलांचं निदान मी करू शकत नाही, पण हे अशक्य नाही. १९९५ साली झाइस्लर यांच्या गटाने दाखवलं की दृष्टी गेलेल्या काही जणांचंही मेलाटोनिन प्रखर उजेडाने उतरतं. पुढे २००२ मध्ये बर्सन यांना उंदरांच्या दृष्टिपटलात अशा पेशी सापडल्या, ज्या स्वतःच उजेड टिपतात आणि मेंदूतल्या मुख्य घड्याळाला कळवतात. त्यांच्यातलं रंगद्रव्य मेलॅनॉप्सिन, निळसर उजेडाला सर्वांत जास्त प्रतिसाद देणारं. चित्र उमटवणाऱ्या पेशी गेल्या, तरी या टिकू शकतात. म्हणून तर 'दृष्टी'पटल हे नावही मला अपुरं वाटतं.

कानामात्रा:
मग क्रियापदही 'दिसणं' नको. 'डोळ्याला उजेड कळतो' म्हणूया.

पोथीवाला:
डोळ्याला कळत नाही, डोळ्यातून कळतं. विभक्ती सांभाळा.

टीपकागद:
इथे 'ला' बरोबर आहे. मेंदूपासून तोडलेलं दृष्टिपटलही लय चालवतं, म्हणजे कळणारा डोळाच.

शब्दवेल्हाळ:
'दैनिक' काढलं. पहिल्यांदा 'सुमारे दिवसभराची लय' आणि पुढे नुसतं 'लय' लिहिते. घड्याळ फक्त घड्याळालाच. संपादकांना रात्रपाळींचं २० तासांचं उदाहरण देणार आहे. 'एन्ट्रेनमेंट'साठी 'मिळवणं' मनात आहे. तबला मिळवतात तसं उजेड घड्याळ मिळवतो. चालेल?

पोथीवाला:
विभक्तीचं उत्तर राहिलं आहे. 'मला कळतं' यात 'मला' म्हणजे जाणणारा जीव. काढून ठेवलेल्या दृष्टिपटलाला जीव म्हणायचं का, ते आधी ठरवा.