अनुभव : चिमुकले बेट आणि महासत्ता, दोन्हीकडे राहिलेल्यांनी लिहावे

खारावारा

मागच्या आठवड्यात हिमवादळाचा इशारा आला आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या नेहमीच्या दुकानात दूध, पाव आणि कांदे दुपारपर्यंत संपले. रिकाम्या फळीसमोर एक गृहस्थ "अमेरिकेत असे होतेच कसे" म्हणून हुज्जत घालत होते. मला मात्र ती फळी पाहून सेंट हेलेना बेटाच्या राजधानीची, जेम्सटाउनची आठवण आली आणि घरी येईपर्यंत ती काही केल्या जाईना, म्हणून हा धागा.

यजमान सेंट हेलेनाच्या विमानतळाच्या बांधकामावर होते, त्यामुळे २०१३ ते २०१६ अशी तीन वर्षे आम्ही त्या बेटावर काढली आणि तेथून न्यू जर्सीला आलो. दक्षिण अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,९०० किलोमीटरवर असलेला हा १२१ चौरस किलोमीटरचा ब्रिटिश प्रदेश आहे आणि तेथे साडेचार हजारांच्या आसपास माणसे राहतात. बोरिवलीच्या आमच्या गृहसंकुलात याहून फार कमी नसतील. विमान नव्हते, म्हणून केप टाउनहून टपालाच्या जहाजाने पाच दिवसांचा प्रवास करावा लागे, आणि जहाज धक्क्याला लागत नसल्यामुळे लहान होडीतून येऊन, लाट वर आली की लोंबता दोर धरून पायरीवर पाऊल टाकावे लागे. साडेतीन वर्षांच्या मुलाला काखेत घेऊन मी ती उडी घेतली आहे.

त्याच जहाजातून माणसे, टपाल, औषधे आणि भाजी येत असे. साधारण तीन आठवड्यांनी येणारे जहाज लांबले की दुकाने ओस पडत. एकदा कांदा सतरा दिवस नव्हता. जहाज आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी उशिराच पोहोचले, तेव्हा गल्ल्यावरच्या बाईंनी खालून एक कागदी पिशवी काढून पुढे ठेवली. तीत सहा कांदे होते. "तुमच्याकडे याच्याशिवाय चूल पेटत नाही ना," एवढेच त्या म्हणाल्या. येथे दहा पौंडांचे पोते केव्हाही मिळते, पण माझ्या घरात कांदा लागतो हे दुकानातल्या कोणालाही ठाऊक असण्याचे कारण नाही.

हे सारे गोड होते असे मात्र कोणी समजू नये. आपले आयुष्य दुसरीकडे बसून कोणीतरी ठरवते, हे त्या लोकांइतके स्पष्ट मी कोठे पाहिले नाही. बेटावर अंबाडीसारख्या एका वाखाच्या झाडाचा मोठा उद्योग होता. ब्रिटनच्या टपाल खात्याने सुतळीऐवजी कृत्रिम धाग्याची दोरी वापरायचे ठरवले आणि १९६६ मध्ये शेवटची गिरणी बंद पडली. ती झाडे अजून डोंगरभर माजलेली आहेत. १९८१ च्या ब्रिटिश कायद्याने बेटवासीयांचा ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्कही गेला, तो २००२ साली परत मिळाला आणि मिळताच तरुण मंडळी नोकरीसाठी बाहेर पडली. आमच्या शेजारच्या आजींची तीन मुले तीन ठिकाणी होती, एक असेन्शन बेटावर, एक फॉकलंड बेटांवर आणि एक इंग्लंडला. आपल्या कोकणातल्या घरांची मला तेव्हा फार आठवण येई.

विमानतळासाठी एक आख्खी दरी सुमारे ८० लाख घनमीटर दगडमातीने भरली. २०१६ मध्ये चाचणीची विमाने आली, तेव्हा धावपट्टीच्या टोकाशी वारा अचानक दिशा बदलतो हे लक्षात आले आणि नियमित विमान ऑक्टोबर २०१७ पर्यंत लांबले. तोवर आम्ही येथे आलो होतो, त्यामुळे ज्या धावपट्टीसाठी यजमानांनी तीन वर्षे धूळ खाल्ली तिच्यावर ते अजून उतरलेले नाहीत.

नांगर_६४

ताई, दोर धरून उडी मारण्याचे वर्णन वाचले आणि गुडघा दुखू लागला. मी व्यापारी जहाजावर होतो आणि १९९० च्या दशकात एका आजारी खलाशाला उतरवण्यासाठी आम्ही तेथे काही तास थांबलो होतो. जेम्सटाउनच्या डोक्यावर चढणारा ६९९ पायऱ्यांचा सरळ जिना मी पैज लावून चढलो आणि पैज हरलो. नेपोलियनचे घर पाहायचे राहून गेले याची खंत आहे. त्या माणसाला तेथे जवळपास सहा वर्षे कोंडले होते, आम्हाला सहा तासही मिळाले नाहीत.

प्राजक्ता_ह्यूस्टन

मी लिहू की नको, असे म्हणत होते, कारण आमचे बेट फॉकलंड. पती तेथे वैद्यकीय सेवेत होते. राजधानी स्टॅन्लीबाहेरच्या साऱ्या मुलखाला तेथे "कॅम्प" म्हणतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात शेजारीण "मुले कॅम्पला गेली आहेत" म्हणाली तेव्हा मला वाटले की शाळेचे शिबिर असेल. माणसे साडेतीन हजार आणि मेंढ्या काही लाख. १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना युद्धात पेरलेल्या सुरुंगांमुळे समुद्रकिनाऱ्यांना तारेचे कुंपण होते आणि त्यापलीकडे पेंग्विन खुशाल हिंडत असत, कारण त्यांच्या वजनाने सुरुंग उडत नसे. शेवटचे सुरुंग २०२० मध्ये काढले, तोवर आम्ही टेक्ससला आलो होतो.

येथे मुलाचा हात मोडला, तेव्हा दवाखान्यात पहिला प्रश्न विम्याचा होता आणि तेथे पहिला प्रश्न "पडलास कोठून?" हा असे. देयक चार महिन्यांनी आले, तेही तीन वेगवेगळ्या पाकिटांत. तेथे मोठे दुखणे निघाले की विमानाने परदेशी न्यावे लागे आणि वारा सुटला की विमानच येत नसे, हेही खरेच. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले तर मी ह्यूस्टनच पत्करीन. बाकी मुलगा झोपला आहे तोवर एवढेच लिहिते.

उनाडपाऊस

आमच्याकडे दोन्ही एकत्र आहे. मी प्रशांत महासागरातल्या ग्वाम या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावर राहतो, म्हणजे बेटही आहे आणि महासत्ताही आहे. येथे जन्मलेले लोक १९५० पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, सैन्यात मोठ्या संख्येने जातात, पण येथे राहून राष्ट्राध्यक्षासाठी मत देऊ शकत नाहीत. बेटाचा चौथ्या भागाहून अधिक प्रदेश लष्कराकडे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून तपकिरी झाडसाप आला असे मानतात आणि त्याने जवळजवळ सारे रानपक्षी संपवले. रानात गेलो की पानांचा आवाज येतो, पक्ष्याचा येत नाही, आणि कोळ्यांची जाळी मात्र तोंडावर येतात. साप विजेच्या तारांवर चढला की वीज जाते, म्हणून कार्यालयात उशिराचे कारण "साप" असे लिहिले तरी साहेब खळखळ करत नाहीत.

सुगरण_मी

मी कोठेच गेलेली नाही, माझे बेट म्हणजे डोंबिवली. फक्त विचारते की सतरा दिवस कांद्याशिवाय काय रांधले? आमच्याकडे दोन दिवस नव्हता तर घरात अबोला होता.

नांगर_६४

आणि ते म्हातारे कासव पाहिलेत का? माझ्या वेळी ते हिंडत होते.

खारावारा

काका, जोनाथन अजून हिंडतो, फक्त त्याला आता दिसत नाही. त्याचा जन्म १८३२ च्या आसपासचा मानतात. राज्यपालांच्या बंगल्याच्या हिरवळीवर पशुवैद्य त्याला हाताने केळी भरवतात आणि तो घाई करत नाही.

प्राजक्ता, पाकिटांचे अगदी पटले. आजारपणात मीही येथेच थांबेन, त्याबद्दल दुमत नाही. उनाडपाऊस, मताचे वाचून वाखाची गिरणी आठवली. न्यू जर्सीतही आमचे बरेच काही दुसरीकडेच ठरते, पण ते ठरवणारे इतके पसरलेले आहेत की राग धरायला कोणी सापडत नाही. बेटावर निदान लंडनकडे बोट दाखवता येई.

एक राहिलेच. बेटावर समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करण्याची रीत आहे, न केल्यास लोक "घरी काही बिनसले का" म्हणून विचारतात. यजमानांची ती सवय येथेही सुटेना. पहिल्याच महिन्यात एका चौकात समोरच्या माणसाने काच खाली करून "माझ्या गाडीला काही झाले आहे का?" असे घाबरून विचारले. आता ते स्टिअरिंगवरून फक्त दोन बोटे उचलतात, तीही शाळेच्या बसच्या चालकाला, कारण तो उलट हात करतो.

सुगरण, तेथे "प्लो" नावाचा पदार्थ करतात. भात, मांस, भाज्या आणि मसाला एकाच पातेल्यात शिजवतात. कंपनी सरकारची जहाजे हिंदुस्थानातून परतताना तेथे थांबत, त्यांच्याबरोबर पुलाव उतरला आणि नाव झिजून प्लो झाले असावे. शेजारच्या आजींनी मला तो शिकवला. त्याची सुरुवात कांदा परतण्यापासून होते, त्यामुळे त्या सतरा दिवसांत तोही नव्हता. आम्ही कोबीची आमटी खाल्ली.