पुस्तकांच्या मांडणीची फळी: १८ मिमी की २५ मिमी?

नमस्कार मंडळी. घरीच पुस्तकांची मांडणी करायला घेतली आहे. प्लाय कापायला देण्याआधी जाणकारांचं मत हवं आहे.

भिंत सात फुटांची. मध्ये एक उभी फळी घालून साडेतीन-साडेतीन फुटांचे दोन खण करायचे, आडव्या फळीची रुंदी दहा इंच. त्यावर दिवाळी अंकांचे गठ्ठे, जाडजूड शब्दकोश आणि वडिलांनी बांधून घेतलेले मासिकांचे खंड येणार. फुटाला दहा किलो वजन धरलं आहे.

गणित करून पाहिलं. फळी फक्त दोन टोकांना टेकलेली धरली, तर १८ मिमी प्लायला मधोमध साधारण ७ मिमी बाक येतो आणि २५ मिमीला अडीचच्या आसपास. हा पहिल्या दिवसाचा हिशोब झाला. कायम वजन असलं की लाकूड वर्षानुवर्षं हळूहळू आणखी दबत जातं, म्हणून ७ हा आकडा मला फार वाटतो.

दुकानदार २५ चाच आग्रह धरतो आहे. पण जाडी दुप्पट केली तर बाक आठपट कमी होतो, आणि फुटाला वजन तेच ठेवून खणाची लांबी निम्मी केली तर सोळापट! म्हणून दोनऐवजी तीन खण केले, तर १८ मिमीतही बाक दीड मिमीच्या आत राहतो. मात्र घरच्यांना रुंद खण आवडतात. मग दोन खण ठेवून २५ घ्यावी, की १८ च्याच फळीला पुढून सागवानी पट्टी मारली तर भागेल? आणि ब्लॉकबोर्ड कसा राहील?

प्रतिसाद: पट्टी माराच. पाऊण इंच जाड, दीड इंच उंच सागवानी पट्टी फळीच्या पुढच्या कडेला, वरून सपाट आणि खाली लोंबती. फेविकॉल लावून स्क्रू मारा, नुसते खिळे नकोत. पट्टी आणि फळी एकजीव झाली तरच ताकद येते. नीट बसली तर १८ ची फळी २५ च्या बरोबरीला येते. मागेही तशीच पट्टी घातलीत तर साडेतीन फुटांची काळजी उरत नाही.

जाडीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे रेषा, म्हणजे लाकडाच्या धाग्यांची दिशा. प्लायच्या वरच्या थराची रेषा फळीच्या लांबीच्या दिशेनेच हवी. शीट वाचवायला आडवं कापलं तर तीच फळी जास्त वाकते, त्यामुळे कापताना स्वतः उभे राहा. ब्लॉकबोर्ड चालेल, पण आतल्या लाकडी पट्ट्या लांबीच्या दिशेने आल्या पाहिजेत. पार्टिकल बोर्ड या वजनाला अजिबात नको. सनमायका लावणार असाल तर दोन्ही बाजूंनी लावा; एकाच बाजूला लावला तर वजनाशिवायही फळी वाकू शकते.

धागाकर्ता: मनापासून आभार! रेषेचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एक शंका: पट्टी खाली लोंबली की खालच्या खणाची उंची पाऊण इंचाने कमी होते, आणि बांधीव खंड उंच आहेत. मागची पट्टी फळीच्या वर काढली तर चालेल का?

प्रतिसाद: चालेल, मजबुतीत फरक पडत नाही. पुस्तकं पाऊण इंच पुढे येतील, तेवढी फळीची रुंदी वाढवून घ्या. पुढची मात्र खालीच ठेवा, नाहीतर पुस्तक काढताना दरवेळी अडेल. खंडांची उंची आधी मोजा आणि त्यांचा खण त्या मापाने उंच करा.