सीमेपलीकडचं जंगल: जोडावं की आपापलं राखावं?

येऊरकर: घोडबंदरच्या बिबट्यावरून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर वाद पेटला आणि गाडी थेट भूतानला पोचली. एकजण म्हणाला, दोन देशांनी मिळून जंगल राखायचं म्हणजे हस्तांदोलनाचे फोटो. साफ चूक. आसामचं मानस आणि भूतानचं रॉयल मानस हे सलग जंगल आहे. अशांततेच्या काळात आपल्या बाजूचे गेंडे संपले, १९९२ मध्ये युनेस्कोने मानसला धोक्यातल्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत टाकलं, २०११ मध्ये बाहेर काढलं. पलीकडे जंगल शाबूत नसतं तर आपले वाघ सावरले असते का? शिवाय वाघ मोजायचे तर कॅमेरे दोन्हीकडे हवेत, पट्टे जुळवून बघायला हवेत. नाहीतर एकच वाघ दोन्ही देशांच्या खात्यात.

खारेगाववाला: सोयीचं तेवढंच सांगितलंत. आफ्रिकेतलं ग्रेट लिम्पोपो बघा, तीन देशांचं जोडलेलं जंगल. २००२ मध्ये दक्षिण आफ्रिका, मोझांबिक आणि झिम्बाब्वेने करार केला. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर अभयारण्याचं कुंपण काही ठिकाणी काढलं. गेंडे मोझांबिकमध्ये शिरले की शिकारी टपलेलेच! वर मोझांबिकमधल्या शिंगवेद्झी नदीकाठच्या हजारो लोकांना उठवायचा घाट. इथे येऊरच्या पाड्यावरच्या माणसाला साध्या परवानगीसाठी चपला झिजवाव्या लागतात, आणि तिथे तर सरकारंच तीन.

ऐरोली_खाडीकाठ: कुंपण असलं म्हणून प्राणी अडतो थोडाच. २०१६ च्या पुरात आसामचा एक हत्ती ब्रह्मपुत्रेतून वाहत बांगलादेशात गेला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं बंगबहादूर. आठवडे गेले, मग इकडून पथक गेलं. पुढे तिथल्या अधिकाऱ्यांनी भुलीचं इंजेक्शन मारलं तर तो पाण्यातच कोसळला. गावकऱ्यांनी उड्या मारून, दोर लावून ओढून काढला. तरी ऑगस्टमध्ये मेलाच. भूल कोणी द्यायची, परत कोणी न्यायचा, हे आधी ठरलेलं हवं होतं. भारत-बांगलादेशचा हत्तींबाबतचा करार झाला डिसेंबर २०२० मध्ये. चार वर्षांनी!

खारेगाववाला: झाला ना करार? आता बांगलादेशातल्या शेरपूरकडच्या शेतकऱ्याचं भात मेघालयातून उतरलेल्या हत्तींनी तुडवलं, तर तो भरपाई मागायला कुठे जाणार?

येऊरकर: शेत ज्या देशात, त्या देशाकडे. त्यात काय अवघड?

खारेगाववाला: म्हणजे हत्ती दोघांचे आणि नुकसान एकट्याचं. छान.

येऊरकर: बरं, निम्मं-निम्मं करा. पण त्यासाठीही करारच लागेल ना! आणि हद्दी आपल्याकडेही आहेतच. नगर जिल्ह्यात विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ बिबट्या माळशेजला सोडला, तर महामार्ग, रूळ, खाडी ओलांडून बोरिवलीच्या नॅशनल पार्कपर्यंत आला.

खारेगाववाला: आणि २०११ मध्ये गाडीच्या धडकेत गेला, तेही सांगा. एका राज्यातला रस्ता आपल्याला नीट ओलांडू देता येत नाही. भूतानच्या गप्पा मारण्याआधी वसईजवळचं तुंगारेश्वर अभयारण्य आणि नॅशनल पार्क जोडून दाखवा.