काट्यावरच्या ४८६ पीसीत हार्ड डिस्कऐवजी सीएफ कार्ड: ४ जीबीचं कार्ड २८७ एमबीच दिसतं

काटा_धरणगाव
राम राम मंडळी. जिनिंगच्या भुईकाट्यावरचा पीसी आहे. ४८६ डीएक्स२-६६, रॅम ८ एमबी, आयडीई (हार्ड डिस्कची जोडणी), फ्लॉपी आणि सिरियल सगळं एकाच आयएसए मल्टी आय/ओ कार्डावर. डॉस ६.२२. वजन दाखवणारा इंडिकेटर कॉम१ या सिरियल पोर्टवर, पावती डॉट मॅट्रिक्सवर. प्रोग्राम क्लिपर या जुन्या डेटाबेस भाषेतला आहे, सगळा हिशोब त्याच्या डीबीएफ (नोंदींच्या) फायलींत. तो लिहून देणारा माणूस आता नाही, त्यामुळे पीसी बदलायचा नाही.

४२० एमबीची जुनी हार्ड डिस्क कडकड आवाज करते, सकाळी दोन-तीन रीसेट मारल्यावर पकडते. दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या लागल्या की काटा तासभरही बंद ठेवता येणार नाही, म्हणून आत्ताच सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश, कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड) टाकायचं आहे. ४ जीबीचं कार्ड आणि ४० पिनचं अॅडॉप्टर आणलं. बायोसच्या (पीसी सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) ऑटो डिटेक्टमध्ये ५८५ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर (डिस्कवरची जागा मोजायचे तीन आकडे), २८७ एमबी असं येतं. कार्ड डुप्लिकेट आहे का? आणि बोर्डाची बॅटरी मेलेली आहे, रोज सकाळी सेटअपमध्ये डिस्कचे आकडे हाताने भरावे लागतात. त्याचं काय करावं?

जुनी_पेटी
कार्डाकडे नंतर बघू. आधी जुन्या डिस्कची इमेज (सेक्टर-न-सेक्टर प्रत) काढा, आजच. तोपर्यंत त्या डिस्कवर स्कॅनडिस्क, डीफ्रॅग, चेकडिस्क यातलं काहीही चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहायला लावणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं.

यूएसबी-आयडीई केबलवर फार विसंबू नका. त्या काळच्या पुष्कळ डिस्कना एलबीए (सेक्टरना सलग नंबर द्यायची पद्धत) येत नाही, फक्त सीएचएस (सिलिंडर-हेड-सेक्टर) येतं, आणि बहुतेक यूएसबी केबली एलबीएशिवाय बोलत नाहीत. डिस्क फिरते, पण संगणकाला दिसत नाही. मग लोक समजतात डिस्क गेली. पेंटियम ३ किंवा ४ चा, मदरबोर्डावरच आयडीई असलेला पीसी शोधा, लिनक्सच्या लाइव्ह सीडीवर चालू करा आणि डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण डिस्क पेन ड्राइव्हवर घ्या. लॉग फाइल द्यायला विसरू नका. मधे डिस्क अडकली तर पीसी बंद करून, डिस्क गार होऊ देऊन, त्याच लॉगवरून पुढे चालू करता येतं.

ती इमेज तशीच्या तशी कार्डावर ओतायचा मोह मात्र टाळा. ४२० एमबीच्या काही डिस्कचे आकडे ९८९/१५/५६ (सिलिंडर/हेड/सेक्टर) असे असतात. पार्टिशन सेक्टर ५६ पासून सुरू होतं आणि बूट सेक्टरमध्ये (पार्टिशनचा पहिला सेक्टर) १५ हेड, ५६ सेक्टर कोरलेले असतात. कार्ड १६/६३ च्या हिशोबाने चालतं, म्हणून ते बूट होणार नाही. कार्डावर नवं पार्टिशन करायचं आणि फायली कॉपी करायच्या. इमेज राहील विमा म्हणून.

कार्ड डुप्लिकेट असेलच असं नाही. ४ जीबीच्या बऱ्याच कार्डांचे खरे आकडे ७७५३/१६/६३ असतात. तुमच्या बायोसला सिलिंडरसाठी १० बिटच जागा आहे, म्हणजे १०२४ पर्यंतच. ७७५३ मधून १०२४ सात वेळा वजा केले की ५८५ उरतात. तोच तुमचा आकडा. १०२४ × १६ × ६३ × ५१२ म्हणजे ५०४ एमबी, या बायोसची ही शेवटची हद्द. टाइप ४७ म्हणजे यूझर निवडून हाताने १०२३/१६/६३ भरा, एलबीए किंवा ट्रान्सलेशनचा पर्याय असला तर नॉर्मल ठेवा. वरचे साडेतीन जीबी वाया जातात, जाऊ द्या. ४२० एमबीचा माल त्यात आरामात बसतो.

त्याहून बरं म्हणजे ५१२ एमबीचं कार्ड. त्याचे आकडे बहुतेक ९९३/१६/६३ येतात, हद्दीच्या आत, ऑटो डिटेक्टही बरोबर पकडतं. लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओवाल्यांच्या कपाटात पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यांची अशी कार्डं पडून असतात, विचारून बघा.

सोल्डर_भुसावळ
भो, अॅडॉप्टर लावताना चार गोष्टी नीट बघ.

सीएफ कार्ड आतून आयडीईच आहे. वीज येताना त्याची ९ नंबरची पिन ग्राउंडला असेल तर ते ट्रू आयडीई मोडमध्ये उठतं. म्हणून अॅडॉप्टरमध्ये चिप लागत नाही, नुसत्या तारा असतात. ५० पिना बारीक आहेत, कार्ड तिरकं घातलं की एक आत वाकते आणि मग तासन्‌तास दोष सापडत नाही. घालण्याआधी टॉर्च मारून सॉकेट बघायचं. पीसी चालू असताना कार्ड काढायचं-घालायचं नाही. कॅमेऱ्यात चालतं, इथे नाही.

अॅडॉप्टरवर ३.३ आणि ५ व्होल्टचा जंपर असेल तर ५ वर ठेव. कार्डाला दोन्ही चालतात, पण ४८६ च्या आय/ओ कार्डाचे सिग्नल ५ व्होल्टचे आहेत. कार्डाला ३.३ देऊन सिग्नल ५ चे आले तर कार्ड जाऊ शकतं. वीज फ्लॉपीच्या छोट्या चार पिनच्या कनेक्टरवरून दे. काही अॅडॉप्टर २० नंबरच्या पिनवरून वीज घेतात, पण जुन्या कार्डांवर ती पिन कापलेली असते आणि तिथे वीज नसतेच.

केबलची लाल कड पिन १ ला. उलटी लागली तर आयडीईचा दिवा सतत पेटलेला राहतो आणि पीसी पुढे सरकत नाही. जळत काही नाही, फिरवून लाव. जंपर मास्टरवर, आणि केबलवर कार्ड एकटंच. जुनी डिस्क मास्टर आणि कार्ड स्लेव्ह लावून कॉपी करायच्या भानगडीत पडू नकोस. मास्टर-स्लेव्ह एकमेकांना ओळखायला दोन तारा लागतात, त्या स्वस्त अॅडॉप्टरमध्ये जोडलेल्याच नसतात. एक दिसतं तर दुसरं गायब.

पेटी उघडलीच आहे तर बॅटरी बघ. पिंपासारखी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम असेल तर आजच कापून काढ. गळून हिरवं झालं असेल तर आधी व्हिनेगरच्या बोळ्याने पूस, मग आयसोप्रोपिलने, आणि पूर्ण वाळू दे. शेजारी बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांचा हेडर असेल, तिथे सेलचा डबा जोडता येतो. साधे सेल घालणार असशील तर मधे डायोड टाक, नाहीतर बोर्ड ते चार्ज करायला जाईल.

एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) पंख्यात रुई साचलेली असणार. ती काढ. कार्डात फिरणारं काही नाही, तंतूंचा त्याला त्रास नाही, पण एसएमपीएस गुदमरलं तर ५ व्होल्ट डळमळतात आणि ते कार्डालाही भोवतं. उन्हाळ्यात पत्र्याच्या केबिनमध्ये बाहेर ४५ असेल तर पेटीत त्याहून जास्त. साधं कार्ड ७० अंशांपर्यंतचं, इंडस्ट्रियल ८५ पर्यंतचं. इंडस्ट्रियल मिळालं तर तेच घे.

आणि इंडिकेटरच्या वैधमापनच्या सीलला हात लावू नको. हे सगळं काम पीसीच्या पेटीतलं आहे.

काटा_धरणगाव
इमेज निघाली, नऊ सेक्टर वाचता आले नाहीत. १०२३/१६/६३ भरलं, बायोसला ५०३ एमबी दिसतं. लॅपटॉपवर कार्ड रीडरमध्ये फॅट फॉरमॅट करून फायली टाकल्या, काट्याच्या पीसीत फ्लॉपीने बूट करून सिस सी: (डॉसच्या सिस्टिम फायली टाकणारी कमांड) दिलं. आता "मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम" येतं.

जुनी_पेटी
रीडरमध्ये केलेलं पार्टिशन हेच कारण. लॅपटॉप कार्डाला २५५ हेड धरतो, तुमचा बायोस १६. पार्टिशन टेबलात लिहिलेला सुरुवातीचा पत्ता तुमच्या पीसीला दुसऱ्याच जागी नेतो, तिथे बूट सेक्टर नसतो. सिस सी: ने ते सुटत नाही. ज्या पीसीत कार्ड चालायचं, त्याच पीसीत एफडिस्क (डॉसचा पार्टिशन करायचा प्रोग्राम) करायचं.

लिनक्समध्ये डीडीने कार्डाचा पहिला सेक्टर शून्यांनी पुसा. विंडोज असेल तर डिस्कपार्टमध्ये क्लीन. लक्ष्य कोणती डिस्क आहे ते दोनदा वाचा. पुसणं गरजेचं आहे, कारण एफडिस्कला पहिल्या सेक्टरच्या शेवटी ५५एए ही खूण दिसली की ते आपला बूट कोड लिहीत नाही, आहे तोच ठेवतं. कॅमेऱ्यातल्या कार्डावर खूण असते, कोड नसतो.

मग काट्याच्या पीसीत ६.२२ च्या फ्लॉपीवरून एफडिस्क, प्रायमरी पार्टिशन, पूर्ण जागा, आणि ते अॅक्टिव्ह करायचं. रीबूट. एफडिस्क /एमबीआर एकदा मारा, नुकसान काही नाही. मग फॉरमॅट सी: /यू /एस. ५१२ एमबीच्या आतलं पार्टिशन असल्याने क्लस्टर (फाइलला मिळणारा जागेचा सर्वात लहान तुकडा) ८ केबीचा पडतो, छोट्या डीबीएफना तो बरा. फ्लॉपी काढून नुसतं सी: वर बूट होतं का बघा. ते झाल्याशिवाय फायलींकडे जाऊ नका.

फायली मात्र आता रीडरमधून टाकल्या तरी चालतील, फक्त फॉरमॅट पुन्हा करू नका. डॉसमध्येच एक्सकॉपी वापरलं तर ६.२२ चं एक्सकॉपी हिडन आणि सिस्टिम फायली गुपचूप सोडून देतं. जुने प्रोग्राम परवान्याची फाइल हिडनच ठेवतात. आधी अॅट्रिबने -एच -एस करून घ्या. आणि ते नऊ सेक्टर कुठल्या फायलीत पडले ते बघा. एनटीएक्स इंडेक्समध्ये असतील तर इंडेक्स पुन्हा बांधता येतो, डीबीएफमध्ये असतील तर तेवढ्या नोंदी कागदी पावत्यांवरून भरून घ्या.

तापीकाठ
रोज सकाळी आकडे भरायची कटकट मुळातून जाऊ शकते. बूट रॉमचं २८ पिनी सॉकेट असलेलं जुनं आयएसए लॅन कार्ड आणि त्यात एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायोस, म्हणजे डिस्कपुरता वेगळा बायोस. नेटवर्क जोडायचं नाही, कार्ड फक्त रॉम धरायला.

४८६ साठी आयडीई_३८६ ही फाइल. एक्सटीआयडीईसीएफजी (त्याचा सेटिंगचा प्रोग्राम) काट्याच्याच पीसीवर चालवून ऑटो कॉन्फिगर करा, ८ केबी आकाराने सेव्ह करा (चेकसम ते स्वतः घालतं), मग प्रोग्रामरवर २७सी६४ किंवा २८सी६४ चिपमध्ये भरा. लॅन कार्डाच्या सेटअपमधून बूट रॉम सी८०० या पत्त्यावर चालू करा. सेटअपमध्ये हार्ड डिस्क "नन". ईएमएम३८६ (डॉसचा मेमरी मॅनेजर) लोड होत असेल तर त्याच्या ओळीत एक्स=सी८००-सी९एफएफ घाला, नाहीतर ते त्याच जागेवर बसेल आणि पीसी मधेच थिजेल.

हा बायोस दर वेळी कार्डालाच त्याचे आकडे विचारतो, म्हणून बॅटरी मेली तरी डिस्क सापडते. ५०४ एमबीची हद्दही जाते. पण हेडचा हिशोब बदलतो, त्यामुळे एफडिस्क आणि फॉरमॅट पुन्हा. पूर्ण ४ जीबीच्या मागे लागू नका. डॉसचं पार्टिशन २ जीबीपर्यंतच, आणि त्यात क्लस्टर ३२ केबीचा. चार ओळींची फाइलही ३२ केबी खाते.

डाळमिल_जळगाव
मधेच विचारतो. पेंटियम ३, विंडोज ९८, ८ जीबी सीएफ. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता डेटा थेट मेमरीत नेणं) टिक केलं की सुरू होताना लटकतं.

सोल्डर_भुसावळ
कार्ड सांगतं मला डीएमए येतं, पण अॅडॉप्टरमध्ये त्या दोन तारा नाहीत. कार्डाच्या ४३ आणि ४४ पिनांपासून आयडीईच्या २१ आणि २९ पर्यंत मल्टीमीटरने बीप येते का बघ. येत नसेल तर सेफ मोडमध्ये जाऊन टिक काढ, नाहीतर त्या तारा असलेलं अॅडॉप्टर घे. काट्याच्या ४८६ ला हा प्रश्न नाही, तिथे सगळं पीआयओवरच, म्हणजे प्रोसेसरमार्फतच चालतं.

काटा_धरणगाव
बूट झालं! प्रोग्रामही उघडतो, पण पावती काढताना "अनधिकृत प्रत" म्हणून बाहेर पडतो. प्रिंटर पोर्टला डाँगल (परवाना तपासायची छोटी डबी) नाही.

जुनी_पेटी
मग तो डिस्कचा व्हॉल्यूम सिरियल नंबर बघत असणार. फॉरमॅट दर वेळी तारीख-वेळेवरून नवा नंबर बनवतो. जुना नंबर तुमच्या इमेजमध्ये आहे: बूट सेक्टरचा २७ (हेक्स) पासून चार बाइट. व्हॉल कमांडला १ए२बी-३सी४डी दिसतो तो तिथे उलटा असतो, ४डी ३सी २बी १ए.

काट्याच्या पीसीत डीबग (डॉसमधला बाइट बघायचा-बदलायचा प्रोग्राम) उघडा (कमांडी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप इंग्रजीत करा). एल १०० २ ० १ दिलं की सी: चा बूट सेक्टर वर येतो, २ म्हणजे सी:. डी १३६ एल८ दिल्यावर फॅट१६ हा शब्द दिसला पाहिजे. नाही दिसला तर क्यू देऊन बाहेर पडा, काही लिहू नका. दिसला तर ई १२७, चार बाइट एकेक करून, मधे स्पेस, शेवटी एंटर. मग डब्ल्यू १०० २ ० १ आणि क्यू. रीबूट करून व्हॉल बघा.

काटा_धरणगाव
नंबर जुळला, पावती निघाली. दिवसाला दीड-दोनशे पावत्यांनी कार्ड झिजेल का?

तापीकाठ
त्याने नाही. कार्ड जागा बदलून बदलून लिहितं, इतक्या नोंदी त्याच्या खिजगणतीत नाहीत. धोका आहे तो लिहिता लिहिता लाइट जाण्याचा. ऑटोएक्झेकमधून स्मार्टड्राइव्ह (लिहायचा डेटा थोडा वेळ मेमरीत धरून ठेवणारा प्रोग्राम) काढा, ठेवायचंच असेल तर /एक्स लावा, म्हणजे लिहिणं मागे राहत नाही. दहा मिनिटांचा यूपीएस हवाच. आणि त्याच मॉडेलचं दुसरं कार्ड घ्या, आज चालणाऱ्या कार्डाची पूर्ण इमेज त्यावर उतरवा. आकडे सारखेच असल्याने इथे सरळ कॉपी चालते. काट्याच्या पीसीत लावून एकदा पावती काढून बघा आणि डबीत घालून ड्रॉवरमध्ये ठेवा. डीबीएफ फायली रोज संध्याकाळी फ्लॉपीवर.