मदत हवी आहे: बुसानमध्ये आईसोबत कमी खर्चात शनिवार-रविवार

नोव्हेंबरमध्ये आईला घेऊन दक्षिण कोरियातल्या बुसानला जातोय. मुक्काम शहरातल्या सोम्यन भागात. विमान आणि हॉटेलातच बजेट संपत आलंय, त्यामुळे तिकिटाची ठिकाणं शक्यतो नकोत. मेट्रो-बसचा खर्च चालेल, टॅक्सी अगदीच गरज पडली तर. मेट्रो-बसला चालणारं टी-मनी कार्ड घेणार आहे, नेव्हर मॅप हे तिथलं नकाशाचं ॲपही फोनमध्ये टाकलंय.

शनिवार जवळपास ठरलाय. तोसाँग मेट्रो स्टेशनवरून छोट्या बसने थेट वर गामचन या डोंगरउतारावरच्या वस्तीत जायचं, म्हणजे चढ टळतो आणि रंगीत घरं बघत उतरता येतं. मग चागालची मासळीबाजारात एक फेरी आणि रात्री ग्वांगाल्लीच्या वाळूत बसून ड्रोन शो. तोही फुकट, आई त्यासाठीच जास्त उत्सुक आहे!

अडलंय ते रविवारचं. आईला समुद्राकाठचं हेदोंग योंगगुंग्सा मंदिर बघायचंच आहे. प्रवेश मोफत आहे, पण खाली उतरायला 108 पायऱ्या, आणि तिचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती तासभर आरामात चालते, पायऱ्या मात्र फार तर वीस-पंचवीस. हॉटेलला विचारलं तर त्यांनी पैसे भरून घ्यायच्या टूरच सुचवल्या. डोंगरावरचं बोमोसा मंदिरही मोफत आहे, पण तिथल्या चढाचा अंदाज फोटोंवरून येत नाही.

आम्ही शाकाहारी आहोत, अंडंही नाही.

वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगा: योंगगुंग्साला पायऱ्या टाळून जायची वाट आहे का? नसेल तर बोमोसाला बस दाराच्या किती जवळ सोडते, आणि तिथे दुपारी साधं शाकाहारी जेवण मिळतं का?